पाणशांच्या घरात पाणी मुरतंय कुठे

"ज्याच्या नजरेतून टाचणी सुटत नाही, ज्याच्या कानांना भिंतीच्या पोटातली कुजबुज ऐकू येते आणि ज्याच्या नाकाला गुन्ह्याचा वास गुन्हा शिजण्याआधीच लागतो, असा ऑकलंडच्या उत्तर किनाऱ्यावरचा एकमेव मराठी अन्वेषक म्हणजे रमण पाणसे."

हे मत रमण पाणसे यांचं स्वतःचं होतं. ते त्यांनी दोनशे पानी वहीच्या पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरात लिहून खाली सही केली होती. मूळ मजकुरात 'अन्वेशक' असं होतं. पोटफोड्या 'ष' विभावरीने घातला, लाल पेनने. विभावरी म्हणजे त्यांची बायको आणि वहीच्या दुसऱ्या पानानुसार त्यांची सहायक. ही नेमणूक तिला न विचारता झाली होती. लग्नाच्या वेळी निदान कांदेपोह्यांपुरतं तरी विचारलं होतं.

नाकाबद्दल सांगायचं, तर गेल्याच आठवड्यात दूध उतू जाऊन करपलं तेव्हा ते नाक शेगडीपासून चार फुटांवर वर्तमानपत्रात होतं. कानांचं म्हणाल, तर "कचऱ्याचा डबा बाहेर ठेव" हे वाक्य त्या कानांत तिसऱ्या खेपेशिवाय शिरत नसे. पण रमण घराजवळच, अल्बनीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचा. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि त्याबद्दल महिन्याला पगार घ्यायचा, अशी ज्याची नोकरी, तो माणूस संध्याकाळी घरी आल्यावर आपोआप थांबत नाही. मराठी मंडळाच्या गुढीपाडव्याला त्याचे जँडल, म्हणजे इथल्या भाषेत रबरी सपाता, चोरीला गेले तेव्हा त्याने तीन कुटुंबांची उलटतपासणी घेतली होती. शेवटी निघालं असं, की त्या दिवशी तो बूट घालून गेला होता. वहीत हे प्रकरण 'यशस्वी' या सदरात आहे, कारण जँडल सापडले. घरीच होते.

तर २००६ सालच्या जुलै महिन्यात, भर थंडीत, या अन्वेषकाच्या स्वतःच्या घरात गुन्हा घडला.

न्यूझीलंडातली घरं दिसायला देखणी आणि आतून थंडगार. लोक घरातल्या घरात लोकरी टोपी घालून बसतात आणि पाहुण्यांना "फ्रेश आहे नाही हवा?" म्हणतात. पाणशांनी हे घर घेतलं ते केवळ रेडिएटरसाठी. गराजमध्ये बॉयलर, तो पाणी तापवणार. शेजारी पंप, तो ते पाणी नळ्यांतून घरभर फिरवणार. प्रत्येक खोलीत खिडकीखाली पांढरा, घड्या घातलेल्या पत्र्यासारखा रेडिएटर. पाण्याने टपालवाल्यासारखं दारोदार ऊब टाकत जायचं आणि रिकाम्या पिशवीने बॉयलरकडे परतायचं. खाली पाच रेडिएटर, वर दोन. एक रमणच्या अभ्यासिकेत, दुसरा आईंच्या खोलीत.

आई म्हणजे रमणच्या आई, वसुंधराबाई. मे महिन्यात पुण्याहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. खिडकीतून लांबवर समुद्राची एक निळी चिंधी दिसते म्हणून मुद्दाम त्यांना वरची खोली दिली. आणि नेमकी तीच खोली जूनपासून गार पडत गेली. रमणची अभ्यासिकाही गार होती, पण तिथे अभ्यास होत नसल्याने कुणाच्या लक्षात आलं नाही. खाली लाउंजमध्ये रेडिएटरवर हात ठेववत नव्हता आणि वर आई दोन स्वेटर, शाल, कानटोपी आणि गोधडी अशा चार तटबंद्यांच्या आत झोपत होत्या. त्यांनी तक्रार केली नाही. एका रविवारी चहा पिता पिता एवढंच म्हणाल्या, की मी आता परत जाते म्हणते.

रमणने आधी प्लंबरला फोन केला. प्लंबर अतिशय गोड बोलला. थंडीत सगळ्यांचंच बिघडतं, हीप्स ऑफ वर्क, तीन आठवड्यांनी येतो, स्वीट ऍज, म्हणजे इथल्या बोलीत सगळं झकास. मग ओटाहुहूच्या प्रकाशला फोन केला. तो मराठी मंडळींची तिकिटं काढायचा. पुढच्या आठवड्यात मुंबईची एक सीट आहे, तो म्हणाला, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत धरून ठेवतो, मग काय ते कळवा.

म्हणजे हातात पाच दिवस.

विभावरीला सासू जायला नको होती. असं वाक्य मराठीत फारसं वापरात नाही, त्यामुळे ते तिला कुणाजवळ बोलताही येईना. मैत्रीण नीलिमाला फोनवर सांगून पाहिलं, तर नीलिमा म्हणाली, "सुटलीस गं बाई." विभावरी ईस्ट टामाकीला रंगाच्या कारखान्यात, लॅबमध्ये काम करायची. पूल ओलांडून, गर्दीतून गाडी हाणत साडेचारला घरी यायची. पूर्वी यायची तेव्हा घर नुसतं असायचं. आता दार उघडलं की वरून आवाज यायचा, "आलीस का गं?" आलेली तर दिसतच असते, पण विचारणारं कुणी असावं लागतं.

शिवाय ओवी. ओवी आठ वर्षांची. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत. आईंनी यावर कुणालाही न सांगता एक उपाय काढला. इंग्रजी सुरू झालं की त्यांना ऐकू येईनासं व्हायचं. "आज्जी, कॅन आय हॅव अ बिस्किट?" आज्जी खिडकीबाहेर बघणार. "आज्जी, बिस्किट." आज्जी किंचित मान वळवणार. "आज्जी, मला बिस्किट पाहिजे आहे" म्हटलं की डबा उघडणार. सात आठवड्यांत ओवीची गाडी क्रियापदापर्यंत आली होती, ती केवळ बिस्किटांच्या जोरावर.

हे सगळं विभावरीने आईंना सांगायचं ना? पण तिला वाटे, "राहा" म्हटलं तर त्यांना वाटणार, सुनेला पोर सांभाळायला माणूस हवंय. त्यामुळे तिने तोंड मिटून घेतलं आणि सगळी आशा रमणवर ठेवली. यावरून तिची परिस्थिती किती बिकट होती ते कळावं.

रविवारी दुपारी रमणने गळ्यात मफलर अडकवला, वही काढली आणि प्रकरणाला नाव दिलं, 'गोठलेली माता'. विभावरीने ते खोडायला लावलं.

पहिला संशय पंपावर. पाणी फिरत नाही म्हणजे फिरवणारा फितूर आहे, हे उघड होतं. रमणने स्टीलचा पेला पंपाला उलटा लावला, त्याच्या बुडाला कान लावला आणि डोळे मिटले. दहा मिनिटं तो तसाच बसला. विभावरी शेजारी टॉर्च धरून उभी.

"गुणगुणतोय," तो म्हणाला.

"मग चालू आहे."

"अपराधी माणूसच कामावर गुणगुणतो."

पण खाली पाच खोल्यांना गरम पाणी मिळत होतं, तेव्हा पंप निदान खालच्या मजल्यापुरता तरी इमानी होता. त्याला ताकीद देऊन सोडण्यात आलं. तरीही रविवारचा नेम म्हणून रमणने घरातल्या सगळ्या रेडिएटरांची हवा काढली. ही त्याची एप्रिलपासूनची सवय होती. हार्डवेअरच्या दुकानातल्या माणसाने त्याला एक बोटभर पितळी चावी दिली होती आणि रेडिएटरच्या कोपऱ्यातला स्क्रू तिने सैल केला की अडकलेली हवा फुस्स करून निघून जाते, असं शिकवलं होतं. आयुष्यात दुसऱ्याची हवा काढण्याची एवढी सोपी संधी रमणला पहिल्यांदाच मिळत होती. हवा संपून पाणी आलं तरी तो आणखी थोडं येऊ द्यायचा, कपभर, "साक्ष पूर्ण होऊ दे" म्हणून. त्या रविवारी खालच्या पाचांनी कपकपभर साक्ष दिली. वरच्या दोघांनी तोंडच उघडलं नाही. हवा नाही, पाणी नाही, फुस्स नाही.

"मुके आहेत," रमणने वहीत लिहिलं. "बहुधा दबावाखाली."

दबावाखाली नव्हते, हीच खरी अडचण होती. पण ते कळायला अजून चार दिवस होते.

सोमवारी त्याने सिद्धांत मांडला, की खालचे रेडिएटर वरच्यांच्या वाटचं पाणी हडप करतात. हे अगदीच वेड्यासारखं नव्हतं, विभावरीलाही पटलं. मग रमणने खालच्या पाचही रेडिएटरांचे कान पिळले, म्हणजे बाजूच्या गुंड्या शून्यावर आणल्या. आता सगळं पाणी निमूट वर चढेल, असा हिशेब. संध्याकाळी खालचा मजला वरच्याइतकाच गार झाला. ओवी टीव्हीसमोर स्लीपिंग बॅगमध्ये बसून वरण-भात जेवली. आई म्हणाल्या, "बरं झालं, आता निदान मला एकटीला वाईट वाटायला नको." रमणने याची नोंद 'सामाजिक समता प्रस्थापित' अशी केली.

मंगळवारी धागा सापडला.

तो ऑफिसातून लवकर आला होता आणि गराजमध्ये बॉयलरच्या मागे पालथा पडून नळ्या तपासत होता. विभावरीने गाडी आत घातली तेव्हा हेडलाइटच्या उजेडात तिला आधी दोन तळवे दिसले. तळवे उठले, रमण झाले. केसांत कोळिष्टकं आणि चेहऱ्यावर तेज.

"विभा, हा माणूस आपल्यातला आहे."

"कोण माणूस?"

त्याने नळीला तारेने बांधलेलं एक पिवळं पडलेलं लेबल दाखवलं. त्यावर इंग्रजी मोठ्या अक्षरांत, मार्करने लिहिलं होतं, WAI.

"वाई," रमण म्हणाला. "जिल्हा सातारा. ज्याने ही नळी बसवली तो वाईचा आहे आणि त्याने सही करून ठेवलीय. आर्टिस्ट माणूस असणार. त्याला शोधला की वरचं पाणी कुठे अडवलंय ते तो चटकन सांगेल."

विभावरीने मान डोलावली. एकतर ती दीड तास गाडी चालवून आली होती, आणि दुसरं म्हणजे लेबलावर खरोखर वाई लिहिलं होतं.

पुढचा तासभर रमणने गराजमध्येच मंडळाची यादी घेऊन फोन केले. अख्ख्या ऑकलंडात वाईचा एकच माणूस निघाला. श्याम, ओटाहुहूला डेअरी चालवायचा. डेअरी म्हणजे इथलं कोपऱ्यावरचं दुकान, तिथे दूध सोडून सगळं जास्त खपतं. श्याम गिऱ्हाइकाला लॉटरीचं तिकीट देता देता बोलत होता, आणि रमणने फोन स्पीकरवर टाकल्याने विभावरीला सगळं ऐकू येत होतं.

"श्यामराव, तुम्ही अल्बनीला कधी काही बसवलंय?"

"मी? ओटाहुहूत बसायला वेळ नाही मला."

"नळी वगैरे?"

"कसली नळी?"

"तुम्हीच सांगा कसली."

तिकडे गल्ला बंद झाल्याचा आवाज आला. मग श्याम म्हणाला, "पाणसे, वहिनी आहेत का घरात? त्यांना द्या जरा फोन."

विभावरीने फोन घेऊन माफी मागितली. श्यामने विचारलं, साहेबांची झोप होते ना नीट? आणि जाता जाता, वाईच्या गणपतीचा नारळ त्याच्या आईने पाठवलाय, तोही द्यायला येतो म्हणाला.

एवढ्यात ओवी टोस्ट खात गराजच्या दारात आली. तिने लेबल वाचलं. वडिलांकडे पाहिलं. ही नजर तिला आणखी काही वर्षांनी येईल असं विभावरीने धरलं होतं.

"बाबा, दॅट्स माओरी. वाई मीन्स वॉटर. वुइ डिड इट इन रूम सेव्हन."

घराचे आधीचे मालक माओरी होते, निवृत्त मास्तर. नातवंडांना शब्द यावेत म्हणून त्यांनी घरातल्या वस्तूंवर माओरीतून नावं डकवली होती. दारांवरची, कपाटांवरची लेबलं रंग देताना निघाली. हे एक राहिलं होतं. म्हणजे पाण्याच्या नळीवर 'पाणी' असं लिहिलेलं होतं आणि एवढ्यावरून रमणने सातारा गाठला होता.

"मुद्दाम दिशाभूल करण्यासाठी," तो पुटपुटला. पण वहीत लिहिलं नाही.

बुधवारी विभावरी घरी आली तर जिन्याच्या वरच्या टोकापासून आईंच्या रेडिएटरपर्यंत तांदळाचं पीठ पसरलेलं. बारीक चाळणीने, एकसारखं. मोदकांसाठी दळून आणलेलं पीठ होतं ते. रमणचा नवा सिद्धांत असा होता, की नळी, पंप, बॉयलर सगळे निर्दोष असतील तर हे घरातल्याच कुणाचं काम आहे. कुणीतरी येऊन आईंच्या रेडिएटरची गुंडी बंद करतंय. पिठात पाऊल उमटेल आणि बिंग फुटेल.

पाऊल उमटलं होतं. डावं, मोठं, मोजा घातलेलं, आणि अंगठ्याच्या जागी भोक. विभावरीने रमणच्या डाव्या पायाकडे पाहिलं. पीठ पसरून झाल्यावर तो बघायला गेला होता, गुंडी बंद आहे की उघडी ते. उघडी होती.

ती केरसुणी आणायला वळली तेव्हा टेबलावर वही उघडी पडलेली दिसली. 'घरातले संशयित' अशा मथळ्याखाली तीन नावं होती. पहिलं ओवी, पुढे 'हेतू: नाही'. दुसरं आई, पुढे 'स्वतःच फिर्यादी'. तिसरं 'वि.', आणि त्यापुढे 'हेतू: सून'.

तिने ते दोनदा वाचलं. मग वही मिटून ठेवली, पीठ झाडलं, कुकर लावला. रमण दारात येऊन उभा राहिला. त्याला समजलं असावं, कारण त्याने मफलर काढून हातात घेतला होता. ते नुसतं पद्धत म्हणून लिहिलं होतं, तो म्हणाला, यादी पूर्ण व्हावी म्हणून.

"रमण, त्या राहाव्यात असं या घरात सगळ्यात जास्त कुणाला वाटतंय, ते तुला दिसत नाही," विभावरी म्हणाली. "आणि तू टाचण्या शोधतोस."

टॉर्च तिने त्याच्यासमोर टेबलावर ठेवून दिला. सहायकाचा राजीनामा असाच असतो, कागदाविना.

गुरुवारी तिने कारखान्यातून सुट्टी घेतली. आईंची बॅग भरायला मदत करायची होती. रमणही घरून काम करत होता, म्हणजे सकाळपासून बॉयलर बंद करून, गराजमध्ये घडीची खुर्ची टाकून, अंगावर पार्का, म्हणजे टोपीवाला जाड कोट, चढवून पाळतीवर बसला होता. त्याच्या मते यंत्र बेसावध असतानाच खरं बोलतं. बरोबर चिवड्याचा डबा होता.

वर दोघी जणी पलंगावर साड्यांच्या घड्या घालत होत्या. खिडकीतली निळी चिंधी आज राखाडी होती. बोलायचं काहीच नव्हतं म्हणून विभावरीने सगळी तपासकथा सांगितली. पेला, गुंड्या, वाई, पीठ. संशयितांची यादी तिने गाळली, पण आईंना ती आधीच माहीत होती. त्यांनीही वही वाचली होती.

"'हेतू: सून'," त्या म्हणाल्या आणि इतक्या हसल्या की कानटोपीने डोळे पुसावे लागले. "अगं, मग तुमच्या लग्नात मी तरी कुठे सुटले असते. हेतू: सासू."

मग हसू ओसरल्यावर घडी घालता घालता त्यांनी सहज विचारलं, "पण त्या यंत्रात पाणी भरतं कोण?"

"म्हणजे?"

"खालच्यांना पाणी मिळतं, वरच्यांना मिळत नाही. आमच्या आनंदी सोसायटीत हेच. पहिली ओरड कायम तिसऱ्या मजल्याची. मी सव्वीस वर्षं पाणी बघितलंय तिथलं. तिसरा मजला ओरडला की मी आधी गच्चीवर. टाकी बघायची. टाकी कुठाय तुमची?"

"आई, हे न्यूझीलंड आहे. इथे टाकी-बिकी नसते. इथे नळाला चोवीस तास पाणी असतं."

"असू दे की. न्यूझीलंडात पाणी आपणहून वर चढतं का?"

विभावरीच्या हातातली साडी थांबली. ती रसायनशास्त्र शिकलेली होती, रोज रंगाची घनता मोजत होती, आणि हा प्रश्न तिला पाच दिवसांत पडला नव्हता. कुणालाच पडला नव्हता. पाणी आहे हे या देशात सगळे धरूनच चालतात.

आईंच्या कपाटावर, छताला, एक चौकोनी झाकण होतं. तीन वर्षांत ते कुणी उघडलं नव्हतं. विभावरीने शिडी आणली, आईंनी ती दोन्ही हातांनी धरली. झाकण सरकवल्यावर वरून थंडगार धूळ अंगावर आली. टॉर्चच्या उजेडात तिला कौलांखालचा अंधार दिसला, कापसासारखे पसरलेले गठ्ठे दिसले, आणि हाताच्या अंतरावर, तुळईवर ठेवलेली एक काळी प्लास्टिकची टाकी. लग्नातल्या मठ्ठ्याच्या पातेल्याएवढी. खालून एक नळी भिंतीत गेलेली.

"आहे," ती वरून म्हणाली.

"असणारच. पाणी किती आहे?"

"नाही. कोरडी आहे. तळाला नुसता गाळ."

"बॉल असेल बघ एक. तरंगणारा. वर आहे का खाली?"

"वर."

खाली आता सव्वीस वर्षांचा अनुभव बोलू लागला.

"टाकी कोरडी आणि बॉल वर? मग अडकलाय मेला. पाणी संपलं की त्याने खाली यायला हवं, तेव्हा नळ उघडतो. टपली मार त्याला."

विभावरीने टपली मारली. काही झालं नाही.

"सुनेसारखी नको मारूस. सासूसारखी मार."

तिने दुसरी मारली. दांडी कुरकुरली, बॉल धपकन खाली आला आणि बाजूच्या नळातून पाण्याची धार टाकीत कोसळली. त्या आवाजाने दोघीही दचकल्या. मग भिंतीच्या पोटात घळघळ सुरू झाली, वरून खाली, खालून आडवी. घर जणू कित्येक आठवड्यांनी पाणी प्यायलं.

गराजमधून खुर्ची पडल्याचा आवाज आला. रमण जिन्याच्या तीन तीन पायऱ्या चढत वर पोचला. पार्कावर चिवडा सांडलेला.

"विभा, नळ्यांतून कुणीतरी पळतंय," तो धापा टाकत म्हणाला.

"पाणी," आई म्हणाल्या. "ती चावी आण तुझी. आता काढ हवा. या वेळी काढायलाच हवी."

त्याने आईंच्या रेडिएटरचा स्क्रू सैल केला. मुका रेडिएटर बोलू लागला. पाच मिनिटं नुसतं फुस्स, मग थुंकी, मग काळपट पाणी. अभ्यासिकेतलाही बोलला. टाकी भरून बॉल व्यवस्थित वर चढल्यावर आईंनी बॉयलर लावायला सांगितला. अर्ध्या तासाने त्यांनी पत्र्यावर तळवा ठेवला, मग पाठ टेकवली, आणि तशाच उभ्या राहिल्या.

"पण एवढं पाणी गेलं कुठे?" त्यांनी विचारलं. "गळती तर कुठे दिसत नाही."

रमण खिडकीबाहेर बघू लागला. विभावरी बघत होती ती त्याच्या हातातल्या पितळी चावीकडे. एप्रिलपासून दर रविवारी, सात रेडिएटर, प्रत्येकी एक कप. वरून बॉल अडकलेला. जेवढं काढलं तेवढं पुन्हा भरलंच नव्हतं.

"साक्षी," ती म्हणाली. "साक्षींत गेलं."

रमण खाली जाऊन वही घेऊन आला, त्याने संशयितांच्या पानावर चौथं नाव लिहिलं, स्वतःचं, मग ते अख्खं पान फाडून विभावरीच्या हातात दिलं. "हे तुझ्याकडे ठेव," म्हणाला, "पुरावा आहे." आणि टाकी पुसायला जुना टॉवेल आणतो असं सांगून जवळजवळ पळालाच. त्याला माफी मागता येत नसे, पण टॉवेल आणता येत असे. बारा वर्षांत विभावरीला तेवढा अर्थ लागायला लागला होता.

खोली उबदार होत चालली होती. पलंगावर अर्धी भरलेली बॅग उघडी होती.

"आई, आता तर गारठा नाही," विभावरी म्हणाली. "तरी जाणार?"

वसुंधराबाईंनी कानटोपी काढून मांडीवर ठेवली.

"गारठ्याचं काय गं. पुण्यात काय कमी भोगलाय?" त्या म्हणाल्या. "इथे सगळं चांगलं आहे. पण सात आठवड्यांत मला कुणी काही विचारलं म्हणशील, तर चहा घेणार का, आणि गोळी घेतली का. तिथे दिवसातून चार दारं वाजतात, काकू, पाणी कधी सोडणार म्हणून. इथे मी पाहुणी. पाहुण्याने फार दिवस राहू नये."

"मी रोज साडेचारला येते," विभावरी म्हणाली. "पुलावर असल्यापासून वाट बघते, तुम्ही वरून 'आलीस का' म्हणाल म्हणून. हे मला विचारता येत नव्हतं, एवढंच."

आईंनी बॅगेतली वरची साडी काढून कपाटात ठेवली. एकच. बाकीच्या तशाच राहू दिल्या, पण झाकण लावलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता फोन वाजला. रमण छताच्या झाकणात कमरेपर्यंत शिरला होता. खोलीतून फक्त त्याचे पाय दिसत होते. टाकीतला गाळ काढायचं काम त्याला सकाळी सोपवण्यात आलं होतं, आणि दर पाच मिनिटांनी खालून सूचना जात होत्या. विभावरी फोनकडे धावली, पण आई जवळ होत्या. त्यांनी उचलला. इथे आल्यापासून त्यांनी या घरातला फोन उचलायची ही पहिलीच वेळ.

"कोण, प्रकाश का? बोल. नाही रे बाबा, ती सीट सोड. इथे टाकीचं काम निघालंय. किती दिवस म्हणजे काय, टाकी म्हटली की सांगता येतं का कुणाला? नोव्हेंबरचं तिकीट आहे ना, ते असू दे."

मग त्या बराच वेळ ऐकत राहिल्या. हं, हं, म्हणत राहिल्या. कपाळावर आठी पडली. रिसीव्हरवर हात ठेवून त्यांनी विभावरीकडे पाहिलं.

"दुसऱ्या मजल्यावर राहतो म्हणतो. शॉवरला जोरच नाही म्हणे, दोन वर्षं झाली."

आणि छतातून लोंबणाऱ्या पायांकडे एक नजर टाकून, हळू आवाजात म्हणाल्या,

"कागद दे. पत्ता घेते. आणि याला इतक्यात सांगू नकोस."